सीपॅप उपचारातील मुखशोष : कारणे आणि उपाय

आवडत्या पदार्थाच्या नुसत्या आठवणीने तोंडाला पाणी सुटते आणि भीतीने तोंडाला कोरड पडते. मराठीतील या दोन्ही वाक्प्रचारांमागे शरीरशास्त्राचा भक्कम आधार आहे. लाळग्रंथींचा कारभार स्वायत्त मज्जासंस्थेकडे असल्याने मनाची अवस्था तोंडात तत्काळ उमटते. परंतु भीतीचे कोणतेही कारण नसताना, स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंथरुणावर पहाटे तीन वाजता जाग यावी, जीभ टाळूला चिकटलेली असावी आणि घोटभर पाणी प्यायल्याशिवाय शब्दही फुटू नये, असा अनुभव अनेकांना नित्य येतो. स्लीप ॲप्निया या विकारावर सीपॅप यंत्राचा उपचार घेणाऱ्यांमध्ये ही तक्रार विशेष आढळते.

वरवर पाहता तक्रार क्षुल्लक वाटते. तिचे परिणाम मात्र क्षुल्लक नसतात. रोगापेक्षा इलाज भयंकर, असे मनाशी ठरवून रुग्ण यंत्र कपाटात ठेवून देतो आणि मूळ विकार पुन्हा डोके वर काढतो. वास्तविक या कोरडेपणाची कारणे मोजकी आहेत, ती शोधून काढता येतात आणि त्यांपैकी बहुतेकांवर साधे उपाय उपलब्ध आहेत.

विकार आणि उपचार

झोपेत स्नायू सैलावतात. जिभेचा मागील भाग, मऊ टाळू आणि घशाच्या भिंती यांनाही हा नियम लागू आहे. काही व्यक्तींमध्ये हे शैथिल्य इतके होते, की श्वासमार्ग अरुंद होतो किंवा पूर्णपणे मिटतो. श्वास दहा सेकंद वा त्याहून अधिक काळ थांबला, तर त्यास वैद्यकीय परिभाषेत ‘ॲप्निया’ म्हणतात. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घशातून मोठा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो आणि थोड्याच वेळात हेच चक्र पुन्हा फिरते. श्वास थांबण्याचे किंवा अपुरा पडण्याचे असे प्रसंग तासाला ५ ते १५ असतील तर विकार सौम्य, १५ ते ३० असतील तर मध्यम आणि ३० वा त्याहून अधिक असतील तर तीव्र मानला जातो.

घोरणे म्हणजे गाढ झोपेचे लक्षण, हा आपल्याकडील जुना समज या विकाराच्या बाबतीत घातक ठरतो. उपचाराविना राहिलेला स्लीप ॲप्निया उच्च रक्तदाब आणि हृदयाच्या तालातील बिघाड यांच्याशी निगडित आहे. दिवसा येणारी अनावर झोप वाहन चालवताना जिवावर बेतू शकते.

या विकारावरील प्रभावी उपचार ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी विकसित केला. त्यांचा या विषयावरील शोधनिबंध १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कल्पना सोपी होती. नाकावाटे सतत ठरावीक दाबाची हवा सोडली, की ती हवाच श्वासमार्गाला आतून आधार देते आणि तो मिटत नाही. हीच सीपॅप पद्धती. हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात आणि तो सर्वसाधारणपणे ४ ते २० सेंटिमीटर इतका असतो. आकडा मोठा वाटला, तरी हा दाब अगदी सौम्य आहे. अडचण दाबाची नाही, तर रात्रभर वाहणाऱ्या हवेची आहे.

लाळेचे मोल

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या तोंडात दिवसभरात सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. कानाजवळ, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा लाळग्रंथींच्या तीन मुख्य जोड्या आहेत. लाळ केवळ घास ओला करत नाही. ती अन्नकण धुऊन नेते, जंतूंनी तयार केलेल्या आम्लाची तीव्रता कमी करते, त्यांच्या वाढीला आळा घालणारे घटक पुरवते आणि दातांच्या कवचातून झिजलेली खनिजे त्यांना परत मिळवून देते.

झोपेत मात्र लाळेचा स्राव जवळजवळ थांबतो. म्हणजे रात्री तोंडात असतो तो केवळ दिवसाच्या अखेरीचा शिल्लक ओलावा. त्यावरून हवेचा झोत वाहू लागला, तर ही शिल्लक लवकर संपते आणि नवी भर पडत नाही. सीपॅप वापरताना तोंड कोरडे पडण्याचे मूळ येथे आहे.

नाकाचा जमाखर्च

श्वासाची हवा फुप्फुसांत पोहोचेपर्यंत शरीराच्या तापमानाला, म्हणजे सुमारे ३७ अंश सेल्सिअसला येते आणि बाष्पाने संपृक्त होते. अशा एक घनमीटर हवेत सुमारे ४४ ग्रॅम बाष्प असते. याउलट २५ अंश तापमानाच्या आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या खोलीतील एक घनमीटर हवेत सुमारे साडेअकरा ग्रॅमच बाष्प असते. दर घनमीटरमागची सुमारे ३२ ग्रॅमची तूट शरीराला, मुख्यतः नाकाला, भरून काढावी लागते.

विश्रांतीच्या अवस्थेत माणूस मिनिटाला सुमारे ६ लिटर हवा आत घेतो. आठ तासांच्या झोपेत ही हवा सुमारे २९०० लिटर, म्हणजे जवळजवळ तीन घनमीटर होते. तिच्यासाठी नव्वद ग्रॅमच्या आसपास पाणी खर्ची पडते. परंतु नाकाची रचना मोठी हिशेबी आहे. बाहेर पडणारा उच्छ्वास नाकाच्या थंड झालेल्या अंतस्त्वचेवरून जाताना त्यातील काही बाष्प तेथेच सांडतो आणि पुढच्या श्वासाला ते उपयोगी पडते. खर्चातील काही भाग असा परत जमा होतो.

आता सीपॅप वापरणाऱ्या व्यक्तीचे तोंड झोपेत उघडले, असे समजू. यंत्रातील हवा नाकातून आत शिरते आणि घशाशी वळून तोंडावाटे बाहेर निसटते. यास ‘तोंडातील गळती’ म्हणतात. ही गळती मिनिटाला २० लिटर धरली आणि ती आठही तास चालू राहिली, तर ९६०० लिटर जास्तीची हवा नाकातोंडातून वाहून जाते. ती नाकावाटे परतत नाही, त्यामुळे खर्च झालेले बाष्प परत मिळत नाही. जमेच्या बाजूला काही नाही आणि खर्च कित्येक पट, अशी स्थिती होते.

याचा दुसरा परिणाम अधिक त्रासदायक आहे. एकाच दिशेने वाहणाऱ्या कोरड्या हवेमुळे नाकाची अंतस्त्वचा सुजते आणि नाक चोंदते. नाक चोंदले, की तोंड अधिक उघडते. तोंड उघडले, की गळती वाढते. सिडनीतील संशोधकांनी १९९६ मध्ये हे दुष्टचक्र प्रयोगाने दाखवून दिले. यंत्रातील हवा गरम व दमट केल्यास नाकाचा हा वाढलेला अडथळा बराच कमी राहतो, हेही त्याच अभ्यासात आढळले.

कारण कसे ओळखावे?

उपाय योजण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे शोधणे आवश्यक आहे.

पहिला प्रश्न : कोरडेपणा उपचारापूर्वी होता काय? स्लीप ॲप्नियाचे अनेक रुग्ण तोंडाने श्वास घेतात. त्यामुळे सकाळी तोंड कोरडे असणे हे मूळ विकाराचेही लक्षण आहे. तक्रार जुनी असेल, तर केवळ यंत्राला दोष देणे योग्य नव्हे. नाकातील वाकडा पडदा, ॲलर्जीची सर्दी किंवा नाकातील कोंब यांमुळे नाक बंद राहते काय, हे कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून पाहून घ्यावे.

दुसरा प्रश्न : तोंड फक्त रात्री कोरडे पडते की दिवसभर? यंत्रामुळे येणारा कोरडेपणा जाग आल्यानंतर थोड्या वेळात ओसरतो. तो दिवसभर टिकत असेल, तर कारण अन्यत्र आहे. सर्दी-ॲलर्जीवरील क्लोरफेनिरामाइनसारख्या जुन्या गोळ्या, नैराश्य व मज्जावेदनांवर दिले जाणारे ॲमिट्रिप्टिलिन आणि लघवीचे प्रमाण वाढवणारी रक्तदाबाची काही औषधे यांनी तोंड कोरडे पडू शकते. अशी औषधे परस्पर बंद करू नयेत; डॉक्टरांना सांगून पर्याय विचारावा. कोरडेपणासोबत अतिशय तहान लागत असेल आणि वारंवार लघवीला जावे लागत असेल, तर रक्तातील साखर तपासावी. तोंडाबरोबर डोळेही कोरडे होत असतील आणि सांधे दुखत असतील, तर स्योग्रेन सिंड्रोम या विकाराची शंका घेऊन तपासणी केली जाते.

तिसरा प्रश्न : गळती होते काय? बहुतेक नव्या यंत्रांत वापराचे तास, श्वास थांबण्याचे प्रसंग आणि हवेची गळती यांची रात्रवार नोंद राहते. पडद्यावर, मेमरी कार्डावर किंवा मोबाइलमधील ॲपवर ती पाहता येते. पासबुकातील नोंदी पाहाव्यात तशा या नोंदीही दर आठवड्याला पाहाव्यात. ज्या रात्री गळती अधिक, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड अधिक कोरडे, असा मेळ बसला तर कारण हाती आले असे समजावे. यंत्राशिवायही काही खुणा असतात. उशी ओली होणे, ओठ सुकून चिरणे किंवा झोपेत तोंडातून फुरफुर आवाज येत असल्याचे जोडीदाराने सांगणे, ही गळतीचीच चिन्हे होत.

उपायांचा क्रम

अनेक उपाय एकदम केल्यास कशाचा गुण आला, हे कळत नाही. म्हणून एका वेळी एकच बदल करून काही रात्री परिणाम पाहणे श्रेयस्कर.

१. गरम आर्द्रता : यंत्राला जोडलेल्या पाण्याच्या भांड्याखाली तापणारी पट्टी असते. त्यामुळे हवा दमट होऊन नळीत जाते. अनेक रुग्णांकडे ही सोय असते, परंतु ती बंद किंवा अगदी कमी पातळीवर ठेवलेली असते. दर दोन-तीन रात्रींनी ही पातळी एकेका टप्प्याने वाढवावी. नळीत पाण्याचे थेंब साचून गुडगुड आवाज येऊ लागला, तर नळी थंड पडत आहे असे समजावे. अशा वेळी नळीला कापडी आवरण घालावे, तापणारी नळी वापरावी किंवा पातळी एका टप्प्याने उतरवावी. यंत्र नेहमी पलंगापेक्षा खालच्या पातळीवर ठेवावे, म्हणजे साचलेले पाणी चेहऱ्याकडे येत नाही.

२. नाक मोकळे ठेवणे : झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याच्या तयार फवाऱ्याने नाक स्वच्छ करावे. ॲलर्जी असल्यास डॉक्टरांनी सांगितलेला नाकातील स्टेरॉइडचा फवारा नियमित घ्यावा. त्याचा गुण येण्यास काही दिवस लागतात. नाक तत्काळ मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब मात्र तीन ते पाच दिवसांपेक्षा अधिक वापरू नयेत. त्यांची सवय लागल्यास नाक उलट अधिक चोंदते.

३. मास्कची तपासणी : मास्क सैल असेल तर हवा निसटते आणि फार आवळला तर गादी दबून तीच गत होते. पट्टे अंथरुणावर आडवे होऊन आणि यंत्र चालू ठेवून जुळवावेत. गादीचे सिलिकॉन जुने होऊन मऊ पडले असल्यास ती बदलावी. चेहऱ्यावर तेल वा मलम असल्यास मास्क घसरतो. म्हणून झोपण्यापूर्वी चेहरा धुवावा.

४. तोंडातील गळती रोखणे : झोपेत जबडा खाली पडत असल्यास हनुवटीचा पट्टा काहींना उपयोगी पडतो, परंतु ओठांच्या फटीतून निसटणारी हवा त्याने थांबतेच असे नाही. कुशीवर झोपल्याने जबडा मागे पडण्याचे प्रमाण कमी होते आणि पुष्कळांना दाबही कमी पुरतो. नाकाने श्वास घेणे शक्यच नसेल, तर नाक व तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क हा पर्याय असतो. तथापि सुरुवातीची निवड म्हणून नाकाच्या मास्कलाच प्राधान्य द्यावे, असे अमेरिकेतील निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. ओठांवर चिकटपट्टी लावण्याचा उपाय समाजमाध्यमांवर हिरिरीने सुचवला जातो. नाक चोंदलेले असताना किंवा उलटी झाल्यास तो धोकादायक ठरू शकतो. डॉक्टरांच्या सल्ल्याविना तो करू नये.

५. दाबाचा फेरविचार : वजन वाढले वा घटले, तर पूर्वी ठरवलेला दाब अयोग्य ठरू शकतो. दाब गरजेपेक्षा अधिक असल्यास तोंड उघडण्याची शक्यता वाढते. दाब स्वतःच्या मनाने बदलू नये. यंत्रातील नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जावे. आवश्यकतेनुसार दाब आपोआप कमी-जास्त करणारे यंत्र किंवा उच्छ्वासाच्या वेळी दाब किंचित उतरवणारी सोय यांचा विचार ते करू शकतात.

घरगुती उपायांचे तारतम्य

घशाला कोरड पडली, की खडीसाखर, लवंग किंवा ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरण्याची रीत घराघरांत आहे. दिवसा खडीसाखरेचा एखादा खडा ठीक आहे. परंतु रात्री लाळ नसताना तोंडात विरघळलेली साखर दातांना घातक असते. तोंडात काही ठेवून झोपल्यास ते घशात अडकण्याचाही धोका असतो. ज्येष्ठमधाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. त्यातील ग्लिसिऱ्हायझिन या घटकामुळे नित्य व अधिक सेवनाने रक्तदाब वाढू शकतो आणि रक्तातील पोटॅशियम घटू शकते. स्लीप ॲप्नियाच्या अनेक रुग्णांना मुळात उच्च रक्तदाब असल्याने त्यांनी हा उपाय रोजचा करू नये.

दिवसभर पुरेसे पाणी पिणे योग्य. मात्र झोपताना तांब्याभर पाणी पिण्याने तोंड ओले राहत नाही, फक्त लघवीसाठी उठावे लागते. सायंकाळनंतर चहा-कॉफी मर्यादित ठेवावी. मद्य तर दुहेरी अपायकारक आहे. त्याने शरीरातील पाणी कमी होते आणि घशाचे स्नायू अधिक सैलावून मूळ विकारही बळावतो. तंबाखू, सुपारी आणि धूम्रपान यांबद्दल वेगळे सांगावयास नकोच. दिवसा साखरविरहित च्युइंगम चघळल्याने लाळ सुटते. रात्रीसाठी औषधांच्या दुकानात कृत्रिम लाळेचे फवारे व जेल मिळतात.

दातांची निगा

दातांच्या कवचातील खनिजे साधारणपणे साडेपाचपेक्षा कमी पीएच असलेल्या वातावरणात विरघळू लागतात. लाळ हे वातावरण सावरून धरते. ती नसेल तर दात किडणे, हिरड्या सुजणे आणि तोंडाला दुर्गंधी येणे हे ओघाने येते. म्हणून सीपॅप वापरणाऱ्यांनी रात्री फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासण्याचा नेम कधी चुकवू नये आणि त्यानंतर पाण्याशिवाय काहीही घेऊ नये. मद्यार्क असलेली गुळणीची औषधे टाळावीत. कवळी असल्यास ती रात्री काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी. मात्र कवळी काढल्याने चेहऱ्याची ठेवण बदलते, म्हणून मास्क त्याच स्थितीत जुळवून घ्यावा. जिभेवर वा गालाच्या आतील बाजूस पांढरे चट्टे दिसल्यास तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. तो दंतवैद्यास दाखवावा. दर सहा महिन्यांनी दंततपासणी करणे हा येथे चैनीचा नव्हे, तर बचतीचा मार्ग आहे.

पाणी, स्वच्छता आणि बदलीचे गाव

आर्द्रतेच्या भांड्यात शक्यतो डिस्टिल्ड पाणी वापरावे. नळाच्या किंवा बोअरवेलच्या पाण्यातील क्षारांचा थर भांड्यात साचतो. सकाळी उरलेले पाणी ओतून द्यावे, भांडे कोरडे करावे आणि रोज ताजे पाणी भरावे. आठवड्यातून एकदा भांडे, नळी व मास्क सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत. हवेची जाळी यंत्रासोबतच्या पुस्तिकेनुसार बदलावी. शिळ्या पाण्यातून जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो.

ज्यांच्या नोकरीत देशभर बदल्या होतात, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आर्द्रतेची पातळी ही गावागणिक आणि ऋतूगणिक बदलते. मुंबई किंवा कोचीच्या दमट हवेत जी पातळी पुरते, ती नागपूर-जयपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात अपुरी पडते. एअरकंडिशनर खोलीतील बाष्प काढून घेतो, तर विदर्भात वापरला जाणारा पाण्याचा कूलर ते वाढवतो. उत्तरेतील हिवाळ्यात हीटर लावलेली खोलीही अतिशय कोरडी असते. नव्या गावी रुजू झाल्यावर घरभाड्याच्या करारनाम्याइतकीच या पातळीचीही नव्याने आखणी करावी. प्रवासात भांडे रिकामे करूनच यंत्र पिशवीत ठेवावे. आत पाणी गेल्यास ते बिघडते. जेथे वीज वारंवार जाते तेथे इन्व्हर्टरची सोय पाहावी. तापणाऱ्या पट्टीला बरीच वीज लागत असल्याने बॅटरीवर यंत्र अधिक वेळ चालवावयाचे असेल, तर तेवढ्यापुरती ही पट्टी बंद ठेवता येते.

खर्चाचीही आगाऊ माहिती घेणे इष्ट. घरी वापरावयाच्या यंत्राचा खर्च प्रत्येक आरोग्य विमा पॉलिसीत समाविष्ट असतोच असे नाही. म्हणून खरेदीपूर्वी पॉलिसीतील अपवादांची यादी नीट वाचावी.

सातत्याचे व्याज

सीपॅपचा लाभ वापराच्या तासांवर अवलंबून असतो. वैद्यकीय व्यवहारात रात्री किमान चार तास आणि महिन्यातील किमान ७० टक्के रात्री, एवढा वापर पुरेशा नियमिततेचा किमान निकष मानला जातो. हा निकष म्हणजे खात्यातील किमान शिल्लक. खरा फायदा झोपेचे सर्व तास यंत्र लावल्यानेच मिळतो. विशेष म्हणजे श्वास अधिक थांबण्याची शक्यता असलेली स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात अधिक असते. पहाटे तीनला कोरड पडली म्हणून मास्क काढणारा रुग्ण नेमक्या याच काळात उपचाराविना राहतो.

म्हणून कोरड पडून जाग आली, तर मास्क काढून ठेवण्याऐवजी घोटभर पाण्याने तोंड ओले करावे, मास्क पुन्हा नीट बसवावा आणि सकाळी उठल्यावर वहीत त्या रात्रीची नोंद करावी : कोणती पातळी होती, गळती किती होती, नाक मोकळे होते की बंद. अशी दोन-तीन आठवड्यांची वही घेऊन रुग्ण डॉक्टरांसमोर बसला, म्हणजे ‘यंत्र सोसत नाही’ या मोघम तक्रारीच्या जागी उत्तर देता येण्याजोगा नेमका प्रश्न उभा राहतो. तोपर्यंत यंत्राची जागा कपाटात नसून उशाशी असावी.